लिंत्सचा आर्स इलेक्ट्रॉनिका: आधी थीम बघा, मग तिकीट काढा

युरोपात राहणाऱ्या आपल्या लोकांकडून दर उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास येतो, की ते ऑस्ट्रियात सप्टेंबरमध्ये आर्ट आणि टेक्नॉलॉजीचं काहीतरी मोठं असतं ना, ते जाण्यासारखं आहे का? माझं उत्तर ठरलेलं आहे. जाण्यासारखं आहेच, पण त्या वर्षीची थीम काय आहे ते आधी वाचा आणि मगच तिकीट काढा, कारण ह्या फेस्टिव्हलचं जवळजवळ सगळं थीमवर ठरतं, कुठल्या कलाकारांना बोलावलं इथपासून ते तुम्ही घरी जाताना डोक्यात काय घेऊन निघता इथपर्यंत. मी म्युनिकहून जाते, पोस्टसिटीच्या म्हणजे पोस्टाच्या जुन्या पार्सल केंद्रात फेस्टिव्हल भरायला लागला त्या काळापासून, आणि जुन्या वर्षांचे कॅटलॉग त्यांच्या ऑनलाइन अर्काइव्हमध्ये आहेत ते वाचत बसायची मला सवयच लागलीये, त्यामुळे हा रिव्ह्यू एखाद्या वर्षाचा नाही, अख्ख्या फेस्टिव्हलचा आहे, आणि त्यातही मुख्यतः थीम ह्या एकाच गोष्टीचा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. लिंत्स हे दान्यूबकाठचं स्टीलचं शहर. एलडी प्रोसेसने, म्हणजे शुद्ध ऑक्सिजन फुंकून, स्टील बनवायला १९५२ साली इथेच सुरुवात झाली आणि तीच पद्धत पुढे आपल्या राउरकेलात आली, त्यामुळे मेटलर्जीवाल्यांना हे गाव नावाने तरी माहीत असतं. १८ सप्टेंबर १९७९ ला इथे पहिला आर्स इलेक्ट्रॉनिका झाला. चौघांनी मिळून सुरू केला, ऑस्ट्रियन रेडिओ-टीव्हीचे पत्रकार हानेस लिओपोल्डसेडर, शास्त्रज्ञ आणि लेखक हर्बर्ट फ्रांके, इलेक्ट्रॉनिक संगीतकार ह्युबर्ट बोग्नरमायर आणि म्युझिक प्रोड्यूसर उलरिख र्युत्सेल. त्याच वर्षी संगीतकार ब्रुकनरची आठवी सिम्फनी नदीकाठच्या पार्कात मोठाल्या स्पीकर्सवरून वाजवली, लोकांनी आपापल्या खिडकीत रेडिओ लावून ठेवले आणि साधारण लाखभर माणूस जमला. त्याला क्लांगवोल्के म्हणतात आणि ती अजून चालू आहे. सुरुवातीला फेस्टिव्हल दरवर्षी नव्हता, १९७९, ८०, ८२, ८४ असा झाला, १९८६ पासून दरवर्षी भरायला लागला, आणि मग हळूहळू एक वर्ष एक थीम ही पद्धत घट्ट झाली.

थीमचं महत्त्व आपल्याकडच्या माणसाला समजवायला मला गणपती मंडळाचा देखावा हेच उदाहरण बरं वाटतं. मंडळ तेच, चौक तोच, कार्यकर्ते तेच, पण यंदा देखावा कशावर हे ठरलं की लायटिंगपासून आवाजापर्यंत सगळं त्याच्या मागे जातं, आणि ज्या मंडळाने विषय नीट धरला त्याच्यासमोर लोक थांबून बोलतात, ज्याने नुसतं भव्य केलं तिथे फोटो काढून पुढे सरकतात. लिंत्समध्येही अगदी हेच होतं. (योगायोग असा की तारखाही साधारण त्याच, २०२५ चा फेस्टिव्हल ३ ते ७ सप्टेंबर होता आणि अनंत चतुर्दशी ६ ला, त्यामुळे म्युनिकचं विसर्जन की लिंत्स असा पेच आमच्या घरी दर एकदोन वर्षांनी पडतोच.)

आता मुद्द्याचं. माझं मत असं आहे की ह्या फेस्टिव्हलची थीम दोनच परिस्थितीत खरी चालते. एक म्हणजे ती जगाच्या आधी आलेली असते, म्हणजे बाकीचे लोक त्यावर बोलायला लागायच्या आधी. आणि दुसरी म्हणजे ती भिंतींना लागू पडते, ज्या इमारतीत फेस्टिव्हल भरलाय तीच त्या विषयाचा भाग होते. ह्यातलं एकही नसेल तर थीम नुसती पोस्टरवरची ओळ राहते, आत कामं चांगलीच असतात, पण ती कुठल्याही वर्षी लावली असती तरी चाललं असतं असं वाटत राहतं.

आधी आलेल्या थीम्सचं बघा. १९९० ला डिजिटल ड्रीम्स, व्हर्च्युअल वर्ल्ड्स, म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, तेव्हा आपल्याकडे घरात फोन लागायला वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं. १९९३ ला जेनेटिक आर्ट आणि आर्टिफिशियल लाइफ. १९९५ ला वायर्ड वर्ल्ड, आणि भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळायला सुरुवात झाली ती त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. आणि मग १९९८ चं इन्फोवॉर, जे माझ्या मते त्यांच्या सगळ्यात धारदार थीमपैकी एक आहे. सप्टेंबर १९९८ मध्ये गूगल कंपनी म्हणून नुकती रजिस्टर झाली होती, त्याच आठवड्यात लिंत्समध्ये लोक माहितीच्या युद्धावर बोलत होते, आणि नुसतं बोलत नव्हते. इलेक्ट्रॉनिक डिस्टर्बन्स थिएटर नावाच्या ग्रुपने तिथून एक ऑनलाइन निदर्शन केलं, म्हणजे हजारो लोकांच्या ब्राउझरमधून एकाच वेळी मेक्सिकोच्या अध्यक्षांच्या, पेंटागॉनच्या आणि फ्रँकफर्ट स्टॉक एक्स्चेंजच्या वेबसाइटला पुन्हापुन्हा रीलोड मारायचे, मेक्सिकोतल्या झापातिस्ता आदिवासींच्या पाठिंब्यासाठी. पेंटागॉनने उलट असा प्रोग्राम सोडला की निदर्शकांचेच ब्राउझर हँग व्हायला लागले. ह्यात कलाकृती कुठली, निदर्शन कुठलं आणि हल्ला कुठला हे ठरवता येत नाही, आणि थीम नेमकी तीच होती ना! थीमने नुसतं छप्पर दिलं नाही, तर त्या छपराखाली काय घडू शकतं तेही बदललं. दुसऱ्या कुठल्या वर्षी हेच केलं असतं तर ती एक सुटी बातमी झाली असती, इन्फोवॉरच्या मध्यात ती त्या वर्षाचा अर्थ झाली.

पुढच्याच वर्षी १९९९ ला लाइफ सायन्स. त्यात एदुआर्दो काक ह्या ब्राझिलियन कलाकाराचं जेनेसिस पहिल्यांदा दाखवलं गेलं, बायबलातलं एक वाक्य आधी मोर्स कोडमध्ये, मग त्यावरून डीएनएमध्ये बदलून बॅक्टेरियात घातलेलं, आणि वेबवरून जगातला कोणीही अल्ट्राव्हायोलेट दिवा चालू करू शकायचा, त्याने बॅक्टेरियात म्युटेशन व्हायचं आणि पर्यायाने ते वाक्यही बदलायचं. वाक्य काय होतं, तर माणसाला सगळ्या जिवांवर हुकमत दिल्याचं. दिवा लावायचा की नाही ही निवड बघणाऱ्याची. मला हे काम फार आवडतं, कारण थीम वाचून गेलेल्या माणसाला ते त्याच क्षणी समजतं, वर कुणी समजवायला लागत नाही.

आणि २००७ चं गुडबाय प्रायव्हसी. हे वर्ष आठवा. आयफोन अमेरिकेत जूनमध्ये आला होता, फेसबुक सगळ्यांना खुलं होऊन जेमतेम वर्ष झालेलं, आपण सगळे ऑर्कुटवर एकमेकांना टेस्टिमोनियल लिहीत होतो आणि कुणाच्या मनातही नव्हतं की ह्यात काही धोका आहे. अमेरिकन सरकारची इंटरनेटवरची पाळत उघडी पाडणारं स्नोडेन प्रकरण अजून सहा वर्षं लांब होतं. आपल्याकडचं बघायचं तर नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार दिलं गेलं ते सप्टेंबर २०१० मध्ये, आणि खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा सुप्रीम कोर्टाचा नऊ न्यायाधीशांचा निकाल आला ऑगस्ट २०१७ मध्ये, म्हणजे लिंत्सवाल्यांनी ज्या वर्षी गुडबाय म्हटलं त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी. ते वर्ष मी प्रत्यक्ष बघितलेलं नाही पण कॅटलॉग वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यात जे प्रश्न आहेत ते आज आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सीसीटीव्हीच्या निमित्ताने चालू असतात.

आता भिंतींना लागू पडलेल्या थीम्स, आणि ह्याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे कारण मला ह्या फेस्टिव्हलचं सगळ्यात जास्त कौतुक इथे वाटतं.

लिंत्समध्ये टाबाकफाब्रिक म्हणून सिगरेटची प्रचंड फॅक्टरी आहे, पीटर बेरेन्स आणि अलेक्झांडर पॉप ह्या आर्किटेक्टनी १९२९ ते १९३५ ह्या काळात बांधलेली, लांबच लांब किंचित वळण घेत जाणारी इमारत, खिडक्यांच्या अखंड रांगा. २००९ ला तिथलं सिगरेटचं उत्पादन बंद पडलं. शहराने ती विकत घेतली, आणि २०१० चा फेस्टिव्हल तिथे भरवला, थीम काय तर रिपेअर. म्हणजे ज्या इमारतीत पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी काम केलं आणि जी नुकतीच रिकामी झालीये, तिथे उभं राहून विचारायचं की बिघडलेलं दुरुस्त करणार का टाकून देणार, मग ते मशीन असो, हवामान असो नाहीतर शहर. मुंबईत गिरणगावाचं काय झालं हे ज्यांनी बघितलंय त्यांना ह्याचं मोल वेगळं सांगायला नको. परळ-लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी काय उभं राहिलं, आणि इथे तीच फॅक्टरी आज स्टुडिओ, स्टार्टअप आणि कार्यक्रमांनी भरलेली आहे. हे सगळं एका फेस्टिव्हलने केलं असं मी म्हणणार नाही, पण बंद फॅक्टरीत लोकांना पहिल्यांदा मोठ्या संख्येने आत नेऊन, ही जागा अजून जिवंत आहे हे दाखवलं ते ह्या थीमने. त्याच वर्षी त्यांचं सगळ्यात मोठं बक्षीस, गोल्डन निका, इंटरॅक्टिव्ह आर्टमध्ये आयरायटरला मिळालं. लॉस एंजेलिसचा टेम्प्ट वन हा ग्राफिटी कलाकार एएलएस ह्या मज्जातंतूंच्या आजारामुळे पूर्ण पॅरालाइझ झालेला, फक्त डोळे हलतात, त्याच्यासाठी मित्रांनी स्वस्तातल्या चष्म्यावर कॅमेरा बसवून आणि फुकट सॉफ्टवेअर लिहून असं साधन बनवलं की तो डोळ्यांनी पुन्हा चित्र काढायला लागला, आणि ते चित्र प्रोजेक्टरने शहरातल्या इमारतीवर. बनवायची पद्धत सगळ्यांसाठी खुली. रिपेअर ह्या थीमला ह्याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही.

दुसरी तशी जागा पोस्टसिटी. लिंत्सच्या मेन स्टेशनला अगदी चिकटून पोस्टाचं जुनं पार्सल वाटप केंद्र आहे, पोस्टाने ते सोडल्यावर २०१५ ला फेस्टिव्हल तिथे गेला आणि थीम ठेवली पोस्ट सिटी, एकविसाव्या शतकातली शहरं कशी असतील. आत पार्सलं खाली यायच्या सर्पिलाकार लोखंडी घसरगुंड्या आहेत, पूर्वी डब्यांतून टपाल उतरवायचे तो रेल्वे हॉल आहे, आणि खाली बंकर, सिमेंटचा, अंधारा, सप्टेंबरमध्येही गार. ह्या जागेत कलाकृती मांडणं म्हणजे पांढऱ्या भिंतीच्या गॅलरीत मांडण्यापेक्षा पूर्ण वेगळं काम आहे. बंकरमध्ये आवाजाचं एखादं काम ऐका, मग कळेल.

पण २०१५ मी विसरू शकत नाही ते दुसऱ्या कारणाने. फेस्टिव्हल ३ ते ७ सप्टेंबरला होता आणि नेमक्या त्याच दिवसांत सीरिया आणि इतर ठिकाणांहून आलेले हजारो निर्वासित हंगेरीतून ऑस्ट्रियामार्गे जर्मनीकडे चालले होते, म्हणजे त्याच रेल्वेमार्गाने, त्याच स्टेशनवरून, आणि आमच्या म्युनिकच्या स्टेशनात उतरत होते. आत उद्याचं शहर, स्मार्ट मोबिलिटी, मर्सिडीजची स्वतः चालणारी कॉन्सेप्ट गाडी, आणि भिंतीपलीकडे ज्यांचं शहरच सुटलं ते लोक. फेस्टिव्हल संपल्यावर त्याच इमारतीत निर्वासितांची तात्पुरती राहायची सोय केली गेली. थीम ठरवणाऱ्यांना हे आधी माहीत असणं शक्य नव्हतं, पण प्रश्न इतका खरा निवडलेला होता की बाहेरचं जग आत आलं तरी तो तुटला नाही, उलट जास्त टोकदार झाला. चांगल्या थीमची परीक्षा मी तेव्हापासून अशीच करते.

२०२० चं इन केपलर्स गार्डन्स मी ह्याच यादीत धरते. कोविडमुळे लोक लिंत्सला येऊ शकत नव्हते, तर फेस्टिव्हल योहानेस केपलर युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर नेला आणि जगभरात १२० ठिकाणी वेगवेगळ्या संस्थांनी आपापली बाग उभी केली, काही ऑनलाइन, काही जाग्यावर. खगोलशास्त्रज्ञ केपलर १६१२ ते १६२६ लिंत्समध्ये राहिला, ग्रहांच्या गतीचा तिसरा नियम त्याला १६१८ ला इथेच सापडला, आणि तोही काळ धार्मिक युद्धांचा होता, शेवटी शेतकऱ्यांच्या बंडात शहराला वेढा पडल्यावर त्याला निघावं लागलं. अवघड काळात आकाशाकडे बघणारा माणूस त्या वर्षी आठवणं मला मनापासून पटलं. शिवाय अनेक फेस्टिव्हल्स त्या वर्षी नुसते व्हिडिओ टाकून मोकळे झाले, ह्यांनी थीममधूनच नवीन रचना काढली, सगळे एका जागी येऊ शकत नाहीत ना, मग जागाच अनेक करा.

आता जे जमलं नाही. २०१२ ची द बिग पिक्चर आणि २०१४ ची सी, व्हॉट इट टेक्स टू चेंज, ह्या दोन्ही थीम मला पिशवीसारख्या सैल वाटतात. सगळं मोठं चित्र, बदल घडवायला काय लागतं, अरे ह्यात काय बसणार नाही? २०१२ ला लोकांच्या लक्षात राहिलं ते थीममधलं काही नाही, तर दान्यूबवर रात्री उडवलेले ४९ छोटे ड्रोन, दिवे लावलेले, एकमेकांच्या ताळमेळात आकार बदलत जाणारे. फेस्टिव्हलच्याच फ्यूचरलॅबने, म्हणजे त्यांच्या संशोधन विभागाने, ते बनवले होते. २०२२ ला दिल्लीत बीटिंग रिट्रीटला हजार ड्रोन उडाले आणि आपण टीव्हीवर बघितले, पण अशा सामुदायिक ड्रोन शोची पहिली पावलं जिथे पडली त्यात लिंत्सची ती रात्र मोठी आहे. फेस्टिव्हलने तेव्हा उडणाऱ्या यंत्रांवर किंवा झुंडीवर थीम घेतली असती तर ते वर्ष इन्फोवॉरच्या रांगेत गेलं असतं असं मला अजूनही वाटतं.

आणि अलीकडची वर्षं, इथे माझं मत जरा कडक आहे. २०१७ ला एआय, उपशीर्षक दी अदर आय, हे अजून वेळेच्या पुढे होतं, चॅटजीपीटी यायला पाच वर्षं होती, आणि त्यांनी एआयला नुसतं हुशार मशीन म्हणून न दाखवता माणूस स्वतःबद्दल काय समजतो असा आरसा म्हणून घेतलं ते फार चांगलं केलं. २०१८ चं एररही मला आवडलं, चूक ही फेकून द्यायची गोष्ट नाही, निसर्गात तर नवीन काही येतंच चुकीतून, हा विचार कलाकृतींमधून बघताना मजा येते. २०१९ ला चाळीस वर्षं झाली तेव्हाची आउट ऑफ द बॉक्स, डिजिटल क्रांतीचा मिडलाइफ क्रायसिस, हीसुद्धा प्रामाणिक होती. पण त्यानंतर २०२१ न्यू डिजिटल डील, २०२२ वेलकम टू प्लॅनेट बी, २०२३ हू ओन्स द ट्रुथ, २०२४ होप, २०२५ पॅनिक येस की नो. ह्या सगळ्या थीम महत्त्वाच्या आहेत, कोण नाही म्हणेल, पण बहुतेक बातम्यांच्या मागून चालतात. सत्य कोणाच्या मालकीचं हे २०२३ मध्ये प्रत्येक पेपरचा अग्रलेख विचारत होता. १९९८ ला हाच फेस्टिव्हल ते पंचवीस वर्षं आधी विचारून मोकळा झालेला होता, मग आता आपण त्याच्याकडून पुढच्या पंचवीस वर्षांचा प्रश्न मागायला नको का? गेरफ्रीड श्टोकर १९९५ पासून कलात्मक दिग्दर्शक आहेत, त्यांच्याच काळात इन्फोवॉर झालं, गुडबाय प्रायव्हसी झालं, म्हणजे जमत नाही असं नाहीच. मला वाटतं प्रेक्षक वाढला, शहराचा, सरकारचा, कंपन्यांचा सहभाग वाढला, की थीम सगळ्यांना कळेल अशी निवडावी लागते, आणि सगळ्यांना आधीच कळलेली गोष्ट ही थीम म्हणून थोडी उशिराचीच असते.

त्यातल्या त्यात होपला मी वर धरते. ४ सप्टेंबर २०२४ ला फेस्टिव्हल सुरू झाला तो दिवस ब्रुकनरच्या जन्माला दोनशे वर्षं पूर्ण होण्याचा, तो लिंत्सच्या बाजूच्याच आन्सफेल्डनचा, आणि आशेवर बोलताना त्यांनी गोड गोड चित्र काढलं नाही, उपशीर्षकच होतं की भरती-ओहोटी कोण फिरवणार. कामं करणाऱ्या माणसांवर भर होता. पॅनिकमध्ये मात्र प्रश्न हो-नाहीत अडकवल्यामुळे बऱ्याच कामांना ओढून त्यात बसवल्यासारखं मला वाटलं.

एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण नवीन जाणाऱ्याचा इथे घोळ होतो. फेस्टिव्हलमध्ये सगळंच थीमखाली येत नाही. थीमचं मुख्य प्रदर्शन आणि त्यावरची व्याख्यानं-चर्चासत्रं हा एक भाग. दुसरा भाग प्री आर्स इलेक्ट्रॉनिका ही स्पर्धा, १९८७ पासूनची, तिची ज्युरी थीमकडे बघत नाही, ती स्वतंत्रपणे त्या वर्षीचं सगळ्यात महत्त्वाचं काम निवडते. आणि मला हे फार शहाणपणाचं वाटतं, कारण थीम चुकली तरी ही बाजू सावरून धरते. लाइफ सायन्सच्या वर्षी, १९९९ ला, नेट विभागातलं गोल्डन निका कोणाला गेलं माहितीये का, लिनक्सला. एका ऑपरेटिंग सिस्टिमला कलेचं बक्षीस! २००४ ला डिजिटल कम्युनिटीज विभागात विकिपीडियाला, तेव्हा आपला मराठी विकिपीडिया जेमतेम वर्षाचा होता, २००३ ला सुरू झालेला. २००५ ला प्रोसेसिंग ह्या प्रोग्रामिंगच्या साधनाला, जे आज आपल्याकडच्या डिझाइन कॉलेजमध्ये मुलं कोडिंग शिकायला वापरतात. ह्यातलं काहीही त्या त्या वर्षीच्या थीममध्ये शोधून सापडलं नसतं. तिसरा भाग कॅम्पस, म्हणजे जगभरच्या कला आणि डिझाइन शिकवणाऱ्या युनिव्हर्सिटीज आपल्या विद्यार्थ्यांची कामं आणतात, इथे अर्धवट, कच्ची, पण सगळ्यात जिवंत कामं दिसतात, आणि करणारा पोरगा किंवा पोरगी तिथेच उभी असते, विचारा, भरभरून सांगतात. माझा सर्वात जास्त वेळ इथेच जातो.

म्हणून बघायचा क्रम माझा असा, आणि मी सगळ्यांना हाच सांगते: घरून निघायच्या आधी थीमचं निवेदन वाचा, ते जरा जड असतं, दोनदा वाचावं लागतं, पण वाचा. पोचल्यावर आधी थीमचं प्रदर्शन, डोकं ताजं असताना. मग कॅम्पस. प्रीचं प्रदर्शन दुसऱ्या दिवशी, ते घाईत बघण्यासारखं नसतं. संध्याकाळी संगीत, रेल्वे हॉलमधली मोठी मैफल मिळाली तर सोडू नका, ब्रुकनर ऑर्केस्ट्रा आणि इलेक्ट्रॉनिक संगीत एका छताखाली, रेल्वेच्या हॉलमध्ये. आणि नदीपलीकडचं आर्स इलेक्ट्रॉनिका सेंटर, ते म्युझियम वर्षभर उघडं असतं त्यामुळे फेस्टिव्हलला जमलं नाही तरी चालेल, पण तिथला डीप स्पेस बघाच, १६ बाय ९ मीटरची भिंत आणि तेवढीच जमीन, दोन्हीवर प्रोजेक्शन, तुम्ही चित्राच्या आत उभे राहता. मुलं असतील तर तिथून निघायला तयार होत नाहीत. रात्री त्या इमारतीची काचेची बाहेरची बाजू रंग बदलत असते, पुलावरून दिसते.

पोचायला सोपं आहे, व्हिएन्नाहून ट्रेनने सव्वा तास, म्युनिकहून साधारण तीन तास. स्टेशनवरून गावात जायला ट्रॅम. पाच दिवसांपैकी दोन पूर्ण दिवस दिले तर मनासारखं होतं, एका दिवसात धावपळ. हॉटेल उन्हाळ्याच्या आधीच बघून ठेवा. शाकाहारी लोकांची उपासमार होत नाही, आणि गावात लिन्झर टोर्ट खा, बदामाच्या पिठाचा आणि जॅमचा केक, ह्याची लिहिलेली रेसिपी १६५३ इतकी जुनी सापडलीये. चप्पल-सँडल नको, चांगले शूज, पोस्टसिटीसारख्या जागेत सिमेंटवर दिवसभर चालणं होतं. बंकरसाठी एक जॅकेट. क्लांगवोल्केला तिकीट लागत नाही, फक्त लवकर जाऊन जागा धरा.

तारे द्यायचे तर फेस्टिव्हलला एकूण पाचपैकी चार. रिपेअर आणि इन्फोवॉरसारखी वर्षं पाचची, २०१२ आणि २०१४ अडीचची, अलीकडची साडेतीनच्या आसपास. कॅम्पसला मात्र मी दरवर्षी डोळे मिटून पाच देते.

आणि शेवटी पुण्या-मुंबईच्या, गोव्याच्या डिझाइन आणि आर्ट कॉलेजातल्या मुलांना खास, कारण हे मला फार मनापासून सांगायचंय. प्रीसाठी एन्ट्री जगातून कोणीही पाठवू शकतं, साधारण वर्षाच्या सुरुवातीला मागवतात, मुख्य आंतरराष्ट्रीय विभागांतल्या गोल्डन निकाला दहा हजार युरो असतात, आणि ज्युरी तुमचं काम त्या वर्षीच्या थीममध्ये बसतं का ते बघत नाही. तेव्हा थीम वाचून आपलं नाही जमणार असं ठरवू नका. विदर्भातल्या पाण्यावर, कोकणातल्या किनाऱ्यावर, लोकल ट्रेनच्या आवाजावर, जे तुम्ही खरंच करत बसलायत तेच पाठवा. आणि हो, व्हिसाला वेळ लागतो, कागदपत्रं एप्रिल-मेपासून जमवायला लागा.